युवा चित्कार

आमच्या भाच्याने दाढी वाढवायला घेतली तेव्हा ताईला वाटलं, घरातली ब्लेडं संपली. तिने वाणसामानाच्या यादीत ब्लेडं लिहिली. आईला वाटलं, नातवाने नवस बोललाय. कशासाठी ते त्याचं त्याला ठाऊक, पण आपलाही हातभार असावा म्हणून तिने परस्पर मोहटादेवीला एक नारळ कबूल करून टाकला. नगरच्या सावेडीत आम्ही सगळे एकाच इमारतीत राहतो, ताई वर, मी खाली आणि आई जिथे बातमी असेल तिथे. दाढीचा खुलासा एका रविवारी पोहे खाताना झाला.

"मामा, मी माझी ओळख निर्माण करतोय."

"कोणाशी?" ताई झारा हातात घेऊनच बाहेर आली. तेविशीतला मुलगा 'ओळख' म्हणाला की आईच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट उभी राहते, आणि ती सहसा दुसऱ्या जातीतली असते.

"कोणाशी नाही गं. कलाकार म्हणून. ऑनलाइन."

"ऑनलाइन होय," म्हणत ताई पुन्हा पोह्यांकडे वळली.

भाचा चित्रकार आहे. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा घरोघरची मुलं देतात, पण त्या काही चित्रकलेसाठी नसतात, दहावीच्या वाढीव गुणांसाठी असतात. गुण मिळाले की रंगपेटी धाकट्या भावंडाकडे जाते. हा संकेत आमच्या भाच्याला कोणी सांगितला नाही आणि तो खरोखरच चित्रं काढत राहिला. आता त्याला जगासमोर यायचं होतं. त्यासाठी काय काय लागतं ते त्याने बोटांवर मोजून दाखवलं. फोटो, बायो, नाव, सही.

"आणि चित्रं?" मी विचारलं.

"ती मागाहून, मामा. आधी ओळख लागते."

फोटोसाठी आम्ही चांदबीबीच्या महालावर गेलो. मला फोटोग्राफर म्हणून नेण्यात आलं होतं. माझी पात्रता एवढीच, की स्कूटर माझी होती. डोंगरावरच्या त्या अष्टकोनी इमारतीत एका कमानीखाली भाचा उभा राहिला. अंगात खादीचा झब्बा, गळ्यात आजीची शाल, आणि ऊन असं, की माझ्या टकलावर पापड भाजून निघावा.

"इकडे बघ."

"कलाकार कॅमेऱ्याकडे बघत नाही."

"मग कुठे बघतो?"

"लांब."

तो लांब बघत राहिला आणि मी त्याच्या डाव्या कानाचे फोटो काढत राहिलो. तेवढ्यात खालून एक प्री-वेडिंगवाली वरात आली. नवरी, नवरा, दोन फोटोग्राफर, एक छत्रीवाला, शिवाय 'आम्ही सहज आलो' असं सांगणाऱ्या दोन आत्या. मुख्य फोटोग्राफरने कमान हेरली.

"ओ दाढीवाले भाऊ, जरा बाजूला व्हा."

भाऊ बाजूला झाले. पाच मिनिटांनी भाऊंच्या हातात एक चमचमता गोल पडदा आला, आणि नवरीच्या चेहऱ्यावर ऊन पाडायचं काम त्यांच्याकडे लागलं. कलाकाराला उजेडाची जाण असतेच. त्याने ते मन लावून केलं. फोटोग्राफरने जाताना त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि लग्नाच्या सीझनला मोकळा असतोस का, असंही विचारलं.

आमच्या फोटोंपैकी एकही उपयोगाचा निघाला नाही. मात्र महिन्याभराने नात्यातल्या कोणाच्या तरी फोनवर त्या जोडप्याचा फोटो आला. पुढे नवरा-नवरी नाकाला नाक लावून, आणि मागे कमानीत एक झब्बेवाला, लांब बघत. फोटोला लाइक भरपूर होते. खाली एका बाईंनी विचारलं होतं, 'मागचा मुलगा कोण? जमलंय का त्याचं?' ताईने तो फोटो जपून ठेवलाय.

तसं बघितलं तर ती वास्तूच या कामाला योग्य. तिला सगळा जिल्हा चांदबीबीचा महाल म्हणतो. प्रत्यक्षात तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. निजामशाहीतल्या सलाबतखान नावाच्या मंत्र्याची ती कबर आहे. बिचारा चारशेहून अधिक वर्षं दुसऱ्याच्या नावाच्या प्रोफाइलखाली पहुडलाय. पाटी लावून झाली, पुस्तकांत छापून झालं, तरी सहलीला आलेली पोरं 'चांदबीबी कुठे झोपायची?' असंच विचारतात.

बायो माझ्याकडे आला. "मामा, तुम्ही लिहा. तुमचं एवढं साहित्य आहे," असं भाचा म्हणाला आणि मी विरघळलो. माझ्या साहित्याची हकिगत अशी. नोकरी पाणीपट्टी खात्यात आणि लेखन दिवाळी अंकांत. उमेदीच्या काळात केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज अशी भारदस्त नावं ऐकून मीही टोपणनाव घेतलं: 'अनामिक'. पहिल्या लेखाचं मानधन संपादकांनी मनिऑर्डरीने 'श्री. अनामिक' यांच्याच नावे पाठवलं. पोस्टमनने ओळख मागितली. मीच अनामिक, असं मी शपथेवर सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, असं तर कोणीही म्हणेल." रक्कम परत गेली. गावात अजूनही माझी ओळख 'पाणीपट्टी' हीच आहे. "पाणीपट्टी चालले बघा फिरायला," असं म्हणतात.

तरी मी बैठक मारून बायो लिहिला. जन्म नगर येथे मध्यमवर्गीय कुटुंबात. शिक्षण अमुक. लहानपणापासून चित्रांची आवड. वाचून भाचा गप्प झाला.

"मामा, पुढे फक्त 'पश्चात आई-वडील व मोठा मित्रपरिवार' एवढंच राहिलं."

शिवाय तो लांबलाही होता. इन्स्टावर म्हणे दीडशे अक्षरांत आटपायचं असतं, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण, सगळं सुटं मोजतात. मी 'अहमदनगर' मोजलं, सात भरले. २०२४ साली सरकारदरबारी जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. ते मोजलं तर दहा. आई म्हणाली, "चौंडीच्या लेकीने घाट बांधले, देवळं बांधली, तिला तीन अक्षरं जास्त दिली तर काय बिघडलं?" नुसतं 'नगर' लिहावं तर तीनच अक्षरांत काम होतं, एसटीचा कंडक्टरही आजवर तेवढंच ओरडत आलाय. पण भाच्याचं म्हणणं, जगाला कळणार कसं, गांधीनगर की उल्हासनगर?

आमच्याच जिल्ह्यात, राहुरी तालुक्यातल्या ताहराबादला, महिपती म्हणून एक गृहस्थ होऊन गेले. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे बायो लिहिले. १७६२ साली त्यांचा 'भक्तविजय' पुरा झाला. नामदेव, कबीर, एकनाथ, तुकाराम, सगळे त्यात ओवीबद्ध आहेत. मुळात माणूस कुलकर्णीपणाच्या हिशेबातला, एकदा सरकारी कामापायी पूजा अर्धी राहिली म्हणून लेखणी कानाला लावली ती पुन्हा चाकरीला लावायची नाही अशी शपथ घेतली, असं सांगतात. अशा माणसाला कोणी 'दीडशेत बसवा' म्हणालं असतं तर त्याने बहुधा पुन्हा कुलकर्णीपण पत्करलं असतं. मीही पेन्शनच्या कागदांकडे परत जायच्या बेतात होतो.

मग सगळं घर मदतीला आलं, म्हणजे बायोची पुरती वाट लागली. 'बायो' या शब्दाचा आमच्या घरात एकच अर्थ आहे, आणि तो 'डाटा' जोडल्यावर पूर्ण होतो.

"उंची टाक," ताई म्हणाली.

"निर्व्यसनी टाक," आई म्हणाली.

"सावेडीत स्वतःचा फ्लॅट," भाऊजी म्हणाले. हप्ते अजून चालू आहेत हे त्यांनी दीडशे अक्षरांत बसत नाही म्हणून वगळलं.

भाचा आंघोळीला गेला असताना ताईने हा मजकूर फोनवर चढवलाही. संध्याकाळपर्यंत श्रीरामपूरहून दोन चौकश्या आल्या. एकीने पत्रिका मागितली. दुसरीने चित्रकारीच्या जोडीला नोकरी काय करतो, असं सरळ विचारलं.

शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांना घरातल्या भांडणाचा आवाज आला की वर्तमानपत्र परत करायची आठवण होते. ते आले आणि म्हणाले, "बायो कशाला हवा? अरणगावचे मेहेरबाबा बघा. १० जुलै १९२५ला बोलणं बंद केलं ते ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवीपर्यंत. जवळजवळ ४४ वर्षं अवाक्षर नाही. आधी पाटीवरच्या अक्षरांवर बोट ठेवायचे, पुढे तेही सोडलं, नुसत्या खुणा. आणि अजून अमेरिकेतून माणसं मेहेराबादला येतात."

भाच्याने तेवढ्या वेळात तीन पोस्ट टाकल्या होत्या. मुख्याध्यापक मात्र मौनाचं महत्त्व सांगत दीड तास बसले.

मला स्वतःला आणखी एक नगरकर आठवत होता. बाप ब्रिटिश फौजेत, म्हणून १९१८ साली हा नगरला जन्मला. स्पाइक मिलिगन. पुढे इंग्लंडात रेडिओवरच्या 'द गून शो'ने त्याने लोकांना लोळवून हसवलं. त्याच्या बायोत नगर आहे, नगरच्या बायोत तो नाही. २००२ साली वारला, आणि 'मी आजारी आहे असं सांगत नव्हतो का?' अशा अर्थाचं वाक्य त्याच्या थडग्यावर आयरिश भाषेत आहे. मी भाच्याला म्हटलं, "बायो असावा तर असा. थोडक्यात आणि तक्रारीच्या सुरात. आपल्या घराण्याला शोभेल."

आई ओरडली, "शुभ बोल रे!"

नावाचा घोळ याहून मोठा. भाच्याला आडनाव नको होतं. आडनाव आलं की जात आली, जात आली की गाव आलं, गाव आलं की ओळखीचे निघतात. मी त्याला हिंमत दिली. म्हटलं, नगरचे सदाशिव अमरापूरकर बघ. घरचं नाव गणेशकुमार. ते घरी ठेवलं आणि दुसरं घेऊन रंगमंचावर गेले. 'अर्धसत्य'मध्ये या दुसऱ्या नावानेच लोकांचा थरकाप उडवला. त्र्यंबक बापूजी ठोमरे तर नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरीच राहिलेले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी या सतरा वर्षांच्या पोराला 'बालकवी' म्हटलं आणि ठोमरे मागेच राहिले.

"बालचित्रकार वगैरे काही लावू नका हं," ताई म्हणाली. "आधीच कोवळा दिसतो. श्रीरामपूरवाले बिथरतील."

खरी अडचण अशी, की भाच्याला सुचणारं प्रत्येक नाव आधीच कोणीतरी घेऊन ठेवलेलं. 'रंगवेडा' गेलेलं. 'कुंचला' गेलेलं. 'वेडा कुंचला'ही गेलेलं, आणि त्याच्या मालकाने खात्यावर आजवर फक्त एका मांजराचा फोटो टाकलेला. जागा अडवून ठेवायची सवय आपल्याला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यापासून आहे. फोनवर ती सुटेल कशी? रात्री उशिरा भाच्याला 'निळसर_शून्य' मिळालं. मधे आडवी रेघ. यात अथांगपणा आहे, असं तो म्हणाला. मला दिसला नाही, पण झोप येत होती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंचा फोन आला. "हे नीळ सर कोण? कुठल्या शाळेवर आहेत?" आठवड्याभरात 'नीळ सर' सावेडीत पसरले. पालक विचारू लागले, सर पहिलीपासून घेता का, इंटरमिजिएटची हमी देता का, दोन भावंडांना फी कमी कराल का. एका आईने शून्याचा अर्थही लावला: पहिला महिना फुकट.

सहीची गोष्ट मी बघितली नसती तर मला खरी वाटली नसती. मोठ्या चित्रकाराची सही हेच एक चित्र असतं, असं कुठेतरी वाचून भाचा सहीच्या मागे लागला. गॅसच्या पुस्तकावर, दुधाच्या कार्डावर, माझ्या शब्दकोड्यात, जिथे पांढरं दिसेल तिथे सही. शेवटी एक उतरली. डावीकडून उजवीकडे निघून एक वळसा घेऊन परत येणारी, मधे एक पक्षी. सुंदर होती, मी नाही म्हणणार नाही. ती त्याने चेकवर केली.

बँकेतल्या बाईंनी चेक उजेडात धरला.

"ही सही कोणाची?"

"माझी."

"आमच्याकडे आहे ती वेगळीय. त्यात नाव वाचता येतंय."

"ती लहानपणची आहे. आता सही विकसित झालीय."

"मग विकास झाल्याचा अर्ज भरा. आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो."

त्याने महालावरचे फोटो दिले. बाईंनी ते परत सरकवले. "यात कान आहे. तोंड असलेला आणा."

चित्रं आता फोनवर चढू लागली होती, पण चोरीच्या भीतीने भाचा प्रत्येकावर ती सही टाकी, आणि तीही एवढी मोठी, की मागे डोंगर आहे की कोणाचं पोट हे कळायला वाव नसे. आईला हे मुळीच पटलं नाही. ती नेवाशाच्या माहेरची, म्हणजे जिथे ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तिथली. त्या खांबाचा उल्लेख आमच्या घरात कुठल्याही विषयावर होऊ शकतो.

"माउली तुझ्याहून लहान होते," ती म्हणाली. "नऊ हजार ओव्या सांगितल्या आणि श्रेय दिलं थोरल्या भावाला. तुकोबासुद्धा आपलं नाव घालायचे ते अभंग सांगून झाल्यावर, शेवटी. तुझं आपलं पहिल्यापासून शेवटपर्यंत तूच!"

"आजी, त्यांना कॉपीराइटचा प्रॉब्लेम नव्हता."

"इंद्रायणीत बुडवल्या होत्या रे वह्या त्यांच्या!"

यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने सही निम्म्याने लहान केली.

एवढ्यात त्याचा वाढदिवस आला आणि मित्रमंडळाने ठरवलं, की ओळख अशी घरात बसून होत नसते, ती चौकात होते. मित्रमंडळाचं बरोबर होतं. आपल्या जिल्ह्यात माणूस जन्माला आल्याचा खरा पुरावा म्हणजे फ्लेक्स. मित्र फ्लेक्सवाल्याकडे गेले. फ्लेक्सवाल्याकडे सगळं तयार असतं: मागे सिंह, खाली पेटता गोळा, वरच्या कोपऱ्यात महापुरुष, आणि मधे मोकळी जागा, तिथे ज्याचा असेल त्याचा चेहरा. दाढी होतीच, गॉगल दुकानदाराने पदरचा घातला. खाली शुभेच्छुकांचे चौतीस चेहरे. त्यांतले काही भाच्यालाही अनोळखी होते. जागा उरली म्हणून टाकले असावेत.

सकाळी चौकात फ्लेक्स लागला. घाईत एक 'र' गळाला होता. सिंहासमोर गॉगल लावून भाचा उभा, आणि हातभर अक्षरांत: 'युवा चित्कार यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.'

तो दिवसभर घराबाहेर पडला नाही. पण भाऊजी दूध आणायला गेले तेव्हा दोन जणांनी त्यांचं अभिनंदन केलं. चित्कार म्हणजे काय हे कोणीही विचारलं नाही. पक्षात नवीन पद निघालं असेल असं धरून चालले.

आणि त्या फ्लेक्सवरून भाच्याला आयुष्यातलं पहिलं काम मिळालं, हे मात्र खरं. राहुरीकडच्या एका गावातून फोन आला.

"चित्कार का?"

"…बोला."

"दूध डेअरी आहे आपली. भिंत रंगवायचीय. म्हैस पाहिजे."

आम्ही गेलो. स्कूटर माझी, शिडी डेअरीची. भाचा मालकांना समजावू लागला, की म्हशीची नक्कल करण्यात अर्थ नाही, आपण दुधाचा आत्मा दाखवू.

"आत्मा नको," मालक म्हणाले. "चार सड दिसले पाहिजेत."

समोरच्या गोठ्याबाहेर एक म्हैस बांधलेली होती. भाचा तिच्याकडे बघत बसला. आश्चर्य म्हणजे लांब नाही, नीट तिच्याकडेच. मग शिडीवर चढला आणि उतरायचं नाव घेईना. चहा दोनदा निवला. फोन पिशवीतच राहिला. संध्याकाळी भिंतीवर म्हैस उभी होती, ओली नाकपुडी, पाठीवरचं वाळलेलं शेण, एक शिंग किंचित खाली वळलेलं. गावातली पोरं तिला चारा दाखवू लागली.

दूध घालायला येणाऱ्यांची गर्दी जमली. गर्दीतून एक म्हातारी पुढे आली.

"ही तर आमची चंद्री!"

"मावशी, ही अशीच एक म्हैस आहे," मालक म्हणाले.

"अशीच कशी? डावं शिंग बघा. आमची म्हैस डेअरीच्या भिंतीवर काढली ना? मग उद्यापासून फॅट वाढवून धरा."

दुसरा म्हणाला, चंद्रीची काढली तर आमच्या दोघी काय दूध देत नाहीत? तिसऱ्याला म्हशीखाली आपल्या बापाचं नाव हवं होतं. सरपंच आले, त्यांनी 'सौजन्य' म्हणून ग्रामपंचायतीचं नाव आणि शेजारी आपला फोटो सुचवला, आणि फोटो खिशातच होता. मालकांनी कपाळावर हात मारला आणि शिडीकडे वळले.

"चित्कार, शिंग बदला."

"शिंग बदलणार नाही," भाचा वरूनच म्हणाला. अख्ख्या ओळखप्रकरणात एवढ्या ठामपणे तो पहिल्यांदाच बोलला असेल.

"मग पांढरे ठिपके टाका. गाय करा हिची. भांडणच नको."

खूप घासाघीस झाली. रोख पैसे समोर होते, अंधार पडत होता. मी मामा आहे असं कळल्यावर मालकांनी मला शिडी धरायला लावलं. भाच्याने पांढरा डबा उघडला आणि तोंड वाकडं करून पाठीवर एक मोठा ठिपका टाकला, मग पोटावर दुसरा. म्हातारी मान तिरकी करून बघत होती. तिसरा ठिपका पडल्यावर ती मालकांच्या जवळ सरकली.

"करा गाय, माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "फक्त चंद्रीच्या दुधाला गाईचा दर लावू नका म्हणजे झालं."